गोणपाटावरचा अभ्यास

परवा सरकारी माणसे आमच्या आळीत फवारा मारून गेली. दोघेजण होते. पाठीवर पत्र्याची टाकी, हातात लांब नळी, तोंडाला फडके बांधलेले. त्यांनी भिंतींचे तळ, कणगीची मागची बाजू, उंबरा, न्हाणीचा कोपरा असे सगळे भिजवले. पाणी वाळल्यावर भिंतींवर पांढरट कळा उरली. एकाने जाताना दारावर गेरूने खूण केली.

आमचा धाकटा दत्तू साडेतीन वर्षांचा आहे. तो त्या माणसांच्या मागून घरभर नाचत होता. "मला भिजवा! मला भिजवा!" म्हणून त्याने एकाचे धोतर धरले.

"बाजूला हो रं बारक्या," तो माणूस फडक्याआडून म्हणाला. "न्हाईतर तुलाबी उंदीर समजून हाणीन."

दत्तूला एवढेच हवे होते. तो चारी पायांवर उंदीर झाला आणि ची ची करत कणगीखाली शिरला. त्याला पाय धरून बाहेर ओढावे लागले. माणसे निघताना मला म्हणाली, "आता गाठीच्या तापाचं नाव सोडा मास्तर. ह्या औषधानं पिसूच ऱ्हात न्हाई. पिसू न्हाई तर ताप कुठनं?"

मी "होय" म्हणालो. आत पत्नी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

गावाबाहेर शाळू पोटरीला आला आहे. पहाटे दार उघडले की गार वाऱ्याबरोबर ताटांचा तो गोडसर, ओला वास येतो. आमच्या या विटा गावच्या माणसाला या वासाने आनंद होतो. महिन्याभराने हुरडा येईल, पाहुणे येतील, शेकोटीभोवती गप्पा होतील. मला मात्र हा वास आला की कडब्याची झोपडी दिसते. माळावर ओळीने उभ्या असलेल्या तशा झोपड्या, मधून जाणारा धूर, आणि बाभळीखाली पसरलेले एक गोणपाट.

दत्तूला पाहून शेजारचे लोक मला हसतात. हसण्यासारखेच आहे. मास्तर साठ पोरांना वळण लावतो आणि त्याच्या घरातले पोर फळीवर चढून गुळाच्या डब्यात हात घालते. त्याने गेल्या आठवड्यात मांजराला माझा कोट घातला. दिवसभर परात बडवतो. जिन्याच्या चौथ्या पायरीवरून उडी मारतो आणि खाली पडल्यावर आधी माझ्याकडे पाहतो, रडावे की हसावे हे ठरवायला. मी त्याला रागावत नाही. "गप्प बस" हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. शाळेतसुद्धा निघत नाहीत, आणि पोरांना ते ठाऊक झाले आहे. मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "तुमचा वर्ग म्हणजे सोमवारचा बाजार." मी खाली मान घातली. पूर्वी माझ्या वर्गाची ख्याती वेगळी होती. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, असे म्हणत.

त्या ख्यातीचा मला अभिमान होता. तो कुठून आला हेही सांगितले पाहिजे.

माझे वडील कृष्णाकाठचे शेतकरी. आम्ही त्यांना आबा म्हणतो. घरात ऊस होता, बैल होते, दोन चुलते पलटणीत होते. पुस्तक मात्र एकही नव्हते. मराठी शाळेतल्या गुरुजींनी आबांच्या पाठीस लागून मला पुढे शिकवायला लावले आणि सांगलीच्या एका वकीलसाहेबांकडे माझी सोय केली. त्यांच्या फाटकाजवळच्या खोलीत मी सात वर्षे राहिलो. त्यांच्या घरी जेवलो, त्यांच्याच दिव्याखाली वाचले, त्यांच्या मुलाचे उतरलेले कोट घालून महाविद्यालयात गेलो. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. त्यांनी माझ्याकडून एकच मागितले होते. वर अशिलांची कामे चालत, म्हणून आवाज करायचा नाही. मी जिना अनवाणी चढायला शिकलो. कडी न वाजवता दार लावायला शिकलो. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायला शिकलो. माझ्या पदवीच्या दिवशी वकीलसाहेब पाहुण्यांना म्हणाले, "सात वर्षं हा मुलगा आमच्या घरात आहे, पण घरात आहे हे कधी कळलंसुद्धा नाही."

मला याहून मोठी शाबासकी कुणी दिलेली नाही. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. मी कसा शिकलो याचा विचार केला की मला एकच उत्तर सुचे: मी स्थिर बसलो म्हणून शिकलो. माझी मुलेही स्थिर बसावीत, एवढीच माझी बाप म्हणून इच्छा होती. तिच्यात काही वाईट आहे असे मला तेव्हा वाटले नाही. खरे तर आजही वाटत नाही, आणि तेच मला कठीण जाते.

तेव्हा दत्तू नव्हता. थोरला शंकर आठ वर्षांचा आणि इंदू सहा पूर्ण करून सातव्यात लागलेली. शंकर खोडकर होता, पण इंदूपुढे तो साधूच म्हणायचा. इंदू चालत नसे, धावत असे. पाण्याचा तांब्या आण म्हटले की तांब्या येई तेव्हा अर्धा रिकामा असे आणि तिचे परकर-पोलके ओले. जेवताना तिचे पाय हलत, झोपेत हलत. बोलताना ती एका पायावर उभी राही. आबा गावाहून आले की तिला म्हणत, "हिच्या अंगात दोन कालवडी हायत्या." मी तिला दामटून बसवू लागलो की ते मला अडवत. "आरं, पोरं हायती ती. खांब न्हाईत."

"खांबासारखं बसल्याशिवाय विद्या येत नाही, आबा."

"मग आमच्या गोठ्यातला खांब लय शिकला असंल," असे म्हणून ते तंबाखू मळू लागत.

युद्ध चालू होते. रॉकेल, कापड, साखर, सगळ्याची टंचाई. दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एके सकाळी माझ्याच वर्गात भिंतीवरच्या नकाशामागून एक उंदीर पडला. तो पळाला नाही. जमिनीवर गोल गोल फिरला, कलंडला आणि मेला. पोरे आधी हसली. मग एकाने "उंदीर पडला" हे शब्द उच्चारले आणि वर्ग एकदम शांत झाला. माझ्या शिस्तीने कधी झाला नव्हता इतका शांत. आठवड्याभरात घराघरांतून उंदीर पडू लागले. दवंडी फिरली. गाव माळावर निघाला.

प्लेगच्या झोपड्या ज्याने पाहिल्या नाहीत त्याला सांगतो. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून भिंती, वर वासे आणि उसाचे पाचट, दाराला तट्ट्या. घराला कुलूप लावायचे आणि नगरपालिका परवानगी देईपर्यंत ते उघडायचे नाही. आतले धान्य, कपडे, अंथरुणे आतच राहू द्यायची. सगळ्यांनी दंडावर टोचून घ्यायचे. आबा बातमी कळताच वासे आणि पाचट घेऊन गाडीने आले. दोन दिवसांत त्यांनी आमची झोपडी उभी केली.

मोठ्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते, पण पोरांना मात्र जत्रा भरल्यासारखे वाटत होते. शाळा बंद, भिंती नाहीत, उंबरा नाही, चहूकडे माळ. शंकर आणि इंदू सकाळी निघत आणि भाकरीच्या वेळी धुळीने माखून परत येत. बांधावरची बोरे, ओढ्यातले खेकडे, पाखरांमागे धावणे. मुले मला दादा म्हणत. इंदू एकदा मला म्हणाली, "दादा, आपण इथंच राहू या का? घरी नको."

मी म्हणालो, "इथं लोक मरताहेत, इंदू."

तिने इकडेतिकडे पाहिले. "कुठं?" तिने विचारले.

दवाखान्यातून ताकीद होती की रोज दिवेलागणीला घरातल्या प्रत्येकाची मान, काखा आणि जांघा चाचपून पाहायच्या. गाठ लागली की लगेच कळवायचे. हे काम पत्नी करी. शंकर हात वर करून शिपायासारखा उभा राही. इंदूला मात्र हात लागायच्या आधीच गुदगुल्या होत. आईची बोटे काखेजवळ आली की ती किंचाळे, लोळे, पाय झाडे, झोपडीतून पळून जाई. मग आई मागे, ती पुढे, आणि शंकर "धर, धर" म्हणून ओरडतोय. आबा म्हणत, "सगळ्या माळाला मरणाचं भ्या, आन् आमच्या झोपडीत तमाशा."

मला त्या हसण्याची लाज वाटू लागली होती. आमच्यापासून चार झोपड्या सोडून तुळसाबाई राहत होत्या. त्यांचा नवरा दूर कुठे उत्तरेत सोने गाळण्याच्या दुकानात होता. इथे त्यांची सासू प्लेगने गेली आणि त्यांनी एकटीने सगळे निस्तरले. त्या आठवड्यातही इंदूचे हसणे रोज दिवेलागणीला माळभर ऐकू जाई. मी एक दिवस तिला दंडाला धरून बाहेर आणले आणि सगळ्यांसमोर रागावलो. "लोकांच्या घरची माणसं गेलीत आणि तू दात काढतेस? हलायचं नाही. आवाज करायचा नाही."

तुळसाबाई पाणी घेऊन चालल्या होत्या. घागर कमरेवर तशीच ठेवून थांबल्या. "हासू द्या की, मास्तर," त्या म्हणाल्या. "दिसभरात तेवढंच बरं कानावर पडतंय."

मी त्यांना नमस्कार केला. पण इंदूचा दंड सोडला नाही.

मूल वाढवणे म्हणजे काय, यावर मी पुष्कळ वाचले आहे. वाचलेले बहुतेक बरोबर होते. पण सगळीकडे मुलाने काय शिकावे हेच लिहिलेले असते. मुलाच्या अंगातली धावपळ ही त्याच्या जिवाची नाडी आहे, ती रोज पाहायची असते, ती मंदावली तर भ्यायचे असते, हे मला कुणी शिकवले नाही. आबांना ते ठाऊक होते. गोठ्यातले वासरू उड्या मारायचे थांबले की ते त्याला वळण लागले असे म्हणत नाहीत. त्याच्या कानाला हात लावून पाहतात.

तीन आठवडे झाले. मुले पाढे विसरू लागली. इंदूला नुकती अक्षरओळख झाली होती, ती पुसली जाणार असे मला वाटू लागले. मी रोज माळावर येरझाऱ्या घालायचो आणि माझी पुस्तके कुलपाआड पडली आहेत या विचाराने बेचैन व्हायचो. आता हे लिहिताना ते किती क्षुल्लक वाटते! पण ज्याच्या घराण्यात पुस्तक कधी नव्हते त्याला ते क्षुल्लक वाटत नव्हते.

एका दुपारी मी गावात गेलो आणि घर उघडले.

मी अडाणी नव्हतो. रोग उंदरांच्या पिसवांनी येतो हे मी वर्गात शिकवले होते. म्हणून मी सगळा विचार केला. अंथरुणांना हात लावायचा नाही, धान्याकडे जायचे नाही. पुस्तके पत्र्याच्या पेटीत होती, तिथे उंदीर शिरत नाही. तोंडाला रुमाल बांधला. घरात कोंदट, गोडसर घाण येत होती. पेटीतून दोन क्रमिक पुस्तके, अंकलिपी, पाट्या आणि माझा जाड शब्दकोश काढला. एवढे हातात मावेना. कोपऱ्यात शाळूचे एक रिकामे पोते पडले होते. त्यात सगळे भरले, खांद्यावर टाकले आणि निघालो.

माळावर आल्यावर पत्नीने विचारले, "कुठनं आनलीसा?"

"शाळेतून," मी म्हणालो. शाळेची इमारत धुरी देऊन मोकळी केलेली होती.

"पोतंबी शाळंचं?"

"हो."

एवढ्याशा गोष्टीवरून तिला कशाला घाबरवा, असा माझा हेतू होता. खोटे बोलण्याची मला सवय नव्हती, पण ते सहज निघाले.

पुस्तके मी दोन दिवस उन्हात ठेवली. पान न् पान उलटून, बाजूला दगड ठेवून. माझ्या शास्त्रीय ज्ञानाचे मला समाधान वाटले. आणि पोते? पोते मी झटकले. माळावर सराटे फार होते, पोरांच्या पायांत आणि ढुंगणात घुसायचे, शिवाय जमीन गार. म्हणून मी पोत्याची शिवण उसवली आणि त्याचे गोणपाट बाभळीखाली अंथरले. मुलांना बसायला.

अभ्यास सुरू झाला. शंकर दहा मिनिटे बसे आणि लघवीचे निमित्त करून जाई तो थेट ओढ्याला. दोनदा मारले, तरी गेला. तिसऱ्या दिवसापासून मी त्याचा नाद सोडला. इंदू बसली. तिला माझ्या शाळेत यायचे होते. मोठ्या शाळेत फक्त स्थिर बसणाऱ्या मुलींना घेतात, असे मी तिला सांगितले होते. ती गोणपाटावर मांडी घालून बसे, पाटीवर जीभ बाहेर काढून अक्षरे गिरवी, आणि मांडीखाली तिची पावले सारखी हलत असत. "पाय, इंदू," मी म्हणे. पाय थांबत. दहा अक्षरे झाली की पुन्हा सुरू होत. "पाय."

पाचव्या दिवशी मला एकदाही "पाय" म्हणावे लागले नाही. ती बसली ती बसलीच. दहाचा पाढा तिने हळू आवाजात, न चुकता म्हटला. वरून पोपटांचा थवा ओरडत गेला तरी तिने मान वर केली नाही.

"शाब्बास," मी म्हणालो. "आज खरी शहाण्यासारखी बसलीस."

ती हसली. "दादा, आता निजू?"

"नीज," मी म्हणालो. ती तिथेच, त्या गोणपाटावर, कुशीला वळून निजली. मी शब्दकोश उघडून वाचत बसलो. खूप दिवसांनी शांतपणे वाचायला मिळाले, हे मला स्पष्ट आठवते. त्या दुपारी मी सुखी होतो.

दिवेलागणीला पत्नीने तिला चाचपले. मी बाहेर बसलो होतो. ती दारात आली. "आवं, ही आज हासली न्हाई."

"मोठी झाली ती. वळण लागतंय."

"काखंत हात घातला तरी गप ऱ्हायली. गाठ काय लागत न्हाई, पर अंग कोमट हाय."

"दिवसभर उन्हात बसली होती. आणि तिला टोचलेलं आहे. उगीच घाबरू नकोस."

पत्नी थोडा वेळ दारातच उभी राहिली. मग आत गेली. मी शिकलेला होतो, ती नव्हती. आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असे, तो याच कारणाने.

सकाळी इंदूला हात लावला तर चटका बसला. डोळे तांबडे झाले होते. उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ होती. आबांनी गाडी जुंपली.

गावाच्या दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या पडव्यांत प्लेगचा दवाखाना होता. डॉक्टर तरुण होते, अनेक रात्री न झोपल्यासारखे दिसत होते. त्यांनी नव्याने आलेल्या गोळ्या दिल्या. पत्नीला त्यांनी पडवीत इंदूजवळ बसू दिले आणि मला बाजूला घेतले.

"तुमच्या ओळीत आठवडाभर रोगी नाही. घरातून काही आणलं होतं?"

"पुस्तकं," मी म्हणालो. "पेटीतली होती. दोन दिवस उन्हात घातली."

"पुस्तकांनी काही होत नाही." त्यांनी पेन टोपणात घातले आणि पुन्हा काढले. "कशातून आणलीत?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि वहीत काही लिहिले नाही.

"पोरीला काल दुपारीच आणलं असतं तर..." मी विचारले.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "मास्तर, खरंच सांगता येत नाही." ते भले गृहस्थ होते. त्यांनी पत्नीला काहीच सांगितले नाही.

तीन दिवस इंदू तिथे होती. आबा पडवीच्या बाहेर, खिडकीच्या गजांना धरून उभे असत. आत येऊ देत नव्हते. एकदा त्यांनी मी आत आहे हे न पाहता तिला हाक मारली. "ऊठ गं माज्ये कालवडी. मास्तर न्हाई हितं. कर दंगा." तिने डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी तापात तिला वात झाला आणि तिचे पाय हलू लागले. पांघरुणाखाली ती धावत होती. परिचारक पाय धरायला पुढे आला. मी म्हणालो, "राहू द्या." ते पाय मी बराच वेळ पाहत राहिलो. मग तेही थांबले.

ती गेली तेव्हा उजाडले होते. आसपासच्या रानांत माचणांवर माणसे चढली होती आणि शाळूवरची पाखरे हाकायला गोफणी सुटू लागल्या होत्या. हो हो हो असे लांबून आवाज येत होते. मुले मोठ्या उत्साहाने ओरडत होती.

परत आलो. गोणपाट बाभळीखाली तसेच पसरलेले होते, त्यावर पाटी आणि पेन्सिल. मी ते काठीने उचलून ओढ्याच्या पलीकडे नेले आणि जाळले. दोन दिवसांनी पत्नीने अंगण झाडताना विचारले, "पोतं कुठं गेलं?"

"फाटलं होतं. टाकलं."

ती झाडत राहिली. त्यानंतर तिने कधी विचारले नाही आणि मी कधी सांगितले नाही. आम्ही घरी परतलो, दत्तू झाला, युद्ध संपले, स्वातंत्र्य आले, आबा थकले. मी हजारो पोरांपुढे उभा राहून बोललो. एका माणसापुढे एक वाक्य मला बोलता आले नाही.

ओढ्याला पळणारा शंकर वाचला. मी ज्याला मारून बसवू पाहिले तो वाचला आणि जी माझ्या शब्दाखातर बसली ती गेली. यावरून मी काही सिद्धांत मांडू इच्छित नाही. रोग आज्ञा पाळणाऱ्याला आणि न पाळणाऱ्याला ओळखत नाही. पोत्यातल्या पिसवेने पाहिले ते एवढेच, की कुणीतरी तासन् तास एका जागी बसले आहे. वकीलसाहेबांना मी दोष देत नाही. त्यांनी एका परक्या पोराला अन्न दिले आणि शांतता मागितली. मी माझ्या पोरीला अन्न दिले आणि तीच मागितली. पण मी परका नव्हतो, आणि तिला माझ्या घरात आवाज करण्याचा हक्क होता.

शंकर आता चौदा वर्षांचा आहे. तो उंच झाला आहे आणि मोठ्याने वाचतो. सातारच्या एका साप्ताहिकात अधूनमधून माझे काही छापून येते. अंक शनिवारी येतो आणि शंकर तो आईला वाचून दाखवतो, कारण तिला वाचता येत नाही आणि शिकवायचा मी केलेला प्रयत्न तिने हसण्यावारी नेला. ती धान्य निवडत ऐकते. गेल्या वेळी म्हणाली, "बरं लिवलंय. पर माणसं असं बोलत न्हाईत." या वेळी मी माणसे जशी बोलली तशीच लिहिली आहेत.

हा लेख पाकिटात घालून मी आज टपालात टाकणार आहे. शनिवारी शाळा अर्धा दिवसच असते. शंकर अंक उघडून वाचायला बसेल. शाळेत काम आहे असे सांगून बाहेर जावे, असे मनात येऊन गेले. पण नाही. ती सूप घेऊन बसते त्या भिंतीशी, तिच्या समोर, मी बसणार आहे. शंकर जिथे अडखळेल तिथून पुढचे मी वाचीन.